पडलेले घर : अनुग्रह की हक्क?



३ जून २०२० हा दिवस दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील माणसे विसरणार नाहीत. ईदुल फित्र होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. टाळेबंदी चालू होती, मुंबईची माणसे गावी परतलेली होती आणि आखाती देशांत गेलेले अनेक कर्ते पुरुष विमाने बंद असल्याने तिकडेच अडकले होते. अशा वेळी भर दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. त्याच्या तडाख्यात केळशी, आंजर्ले, हर्णै या गावांच्या वाड्याच्या वाड्या झोपल्या. भारजा नदीच्या खाडीमुखाशी वसलेल्या केळशीत माड व पोफळी मुळासकट उन्मळल्या, कौले पाचोळ्यासारखी उडाली, पत्रे शेजारच्या आगरात जाऊन पडले. त्यानंतर कित्येक आठवडे वीज नव्हती आणि पावसाळा तर दाराशीच येऊन उभा होता.

त्या दिवसांत कोकणात दोन वाक्ये वारंवार ऐकू येत. पहिले, ‘अल्लाहची मर्जी.’ दुसरे, ‘सरकारने दिले तर दिले, नाहीतर आपले नशीब.’ पहिले वाक्य ईमानचे आहे. संकटात संयम राखणाऱ्यांना अल्लाहने शुभवार्ता दिली आहे. दुसरे वाक्य मात्र त्याच श्वासात उच्चारले जात असले, तरी ते ईमानमधून निघालेले नाही. वादळ अल्लाहच्या आज्ञेने आले हे खरे. पण वादळानंतर सरकारी खजिन्याची किल्ली ज्याच्या हाती आहे, त्याच्यावर काही कर्तव्य येत नाही, असे अल्लाहने कोठेही म्हटलेले नाही. या लेखात त्या कर्तव्याविषयी बोलायचे आहे.

आधी घर म्हणजे काय, ते पाहू. सूरह नहलच्या ८० व्या आयतीत अल्लाह आपल्या देणग्यांची आठवण करून देतो आणि तेथे घराचा उल्लेख ‘सकन’ या शब्दाने येतो. सकन म्हणजे जेथे जीव स्थिरावतो, शांत होतो ते स्थान. तेथे दगड, लाकूड, भिंत यांचे नावही नाही. म्हणून ज्या घराच्या जांभ्याच्या भिंती उभ्या आहेत, पण वासे मोडून छप्पर गेले आहे आणि आत ताडपत्रीखाली एक म्हातारी, एक बाळंतीण व तीन मुले रात्रभर पाणी उपसत बसली आहेत, ते घर कागदावर ‘अंशतः’ पडले असेल. सकन म्हणून ते पूर्णच पडले आहे.

आता मुख्य मुद्दा. सहीह मुस्लिममध्ये माननीय कबीसा बिन मुखारिक (रजि.) यांची एक हदीस आहे. दोन गटांतील तंटा मिटवण्यासाठी त्यांनी एका रकमेची हमी घेतली होती आणि ती फेडण्यासाठी साहाय्य मागायला ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबायला सांगितले. सदक्याचा माल येऊ दे, मग तुझ्यासाठी त्यातून देण्याची आज्ञा करू, असा त्या उत्तराचा आशय आहे. मग त्यांनी समजावले की, मागणे केवळ तिघांनाच वैध आहे. एक, ज्याने अशी हमी घेतली तो. दुसरा, ज्याच्यावर आपत्ती कोसळून त्याची मालमत्ता नष्ट झाली तो. जगण्याचा आधार हाती येईपर्यंत त्याने मागावे. तिसरा, ज्याला उपासमारीने गाठले आहे आणि ज्याच्या समाजातील तीन समंजस माणसे तशी साक्ष देतात तो. याखेरीज जो मागून खातो तो हराम खातो.

बंधूंनो, ही हदीस आपण बहुधा भीक मागण्याच्या निषेधासाठी ऐकवतो. ती तशी आहेच. पण एका गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. तिसऱ्या माणसासाठी तीन साक्षीदारांची अट आहे, दुसऱ्यासाठी ती नाही. भाष्यकारांनी याचे कारण दिले आहे : दारिद्र्य झाकलेले असू शकते, आपत्ती सर्वांना दिसते. उडालेल्या छपराला साक्षीदार कशाला हवा? पंचनामा करू नये, असा याचा अर्थ नव्हे. सार्वजनिक पैशाचा हिशेब ठेवावाच लागतो. मात्र आपद्ग्रस्ताला संशयित समजून त्याला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरवणे या हदीसच्या वृत्तीशी जुळत नाही. आणि मदतीचे मापही तिथेच सांगितले आहे : जगण्याचा आधार हाती येईपर्यंत. तेथे टक्के नाहीत. माणूस पुन्हा उभा राहिला का, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आरंभीच्या काळात एखादा कर्ज मागे ठेवून मरण पावला आणि फेडीची सोय नसली, तर प्रेषित (स.) स्वतः त्याची जनाज्याची नमाज पढवत नसत, सोबत्यांना पढायला सांगत. पुढे अल्लाहने विजयांची द्वारे उघडली, खजिन्यात माल आला, तेव्हा त्यांनी घोषित केले की, जो संपत्ती ठेवून जाईल ती त्याच्या वारसांची आणि जो कर्ज ठेवून जाईल ते फेडणे माझ्यावर. खजिना वाढला तशी राज्यप्रमुखाची जबाबदारी वाढली, हे येथे ध्यानात घ्यावे.

आता आपल्या राज्यात काय घडले ते पाहू. निसर्गनंतर महाराष्ट्र शासनाने नेहमीचे दर वाढवले, हे मान्य केले पाहिजे. पूर्णतः पडलेल्या घरासाठी ९५,१०० रुपयांऐवजी १,५०,००० रुपये ठरले. अंशतः पडलेल्या घरांना नुकसानीच्या प्रमाणानुसार १५,००० पासून ५०,००० पर्यंत. जे चांगले झाले त्याला चांगले म्हणणे हाही न्यायच आहे. पण दीड लाखात चिरा, लाकूड, कौले आणि गवंड्याची मजुरी मिळून घर उभे राहत नाही, हे केळशीतला कोणताही सुतार सांगेल. आणि ज्याचे सगळे छप्पर गेले, पण भिंती राहिल्या, त्याच्या हाती आलेल्या रकमेत वासे आणि रीपही पुरे होत नाहीत.

रकमेपेक्षाही मला खटकतो तो एक शब्द. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या बाराव्या कलमात आपद्ग्रस्तांना द्यावयाच्या साहाय्याची किमान मानके ठरवण्याचा आदेश आहे. निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय सेवा, विधवा व अनाथांसाठी विशेष तरतूद आणि घरांच्या नुकसानीबद्दल साहाय्य, असे सारे त्यात आले आहे. कायदा चांगला आहे. पण या साहाय्याला आपली सरकारी मराठी ‘सानुग्रह अनुदान’ म्हणते. सानुग्रह म्हणजे अनुग्रहासह, कृपेने दिलेले. मोमिनाच्या कानाला हा शब्द टोचला पाहिजे. अनुग्रह अल्लाहचा असतो. दिव्य कुरआनने तर धनवंताच्या खासगी संपत्तीतील गरिबाच्या वाट्यालाही ‘हक’ म्हटले आहे. सूरह जारियात आणि सूरह मआरिजमध्ये मागणाऱ्याचा व वंचिताचा हक असा स्पष्ट शब्द आहे. स्वकष्टाच्या पैशात जर गरजूचा हक असेल, तर सर्वांच्या करातून भरलेल्या खजिन्यात तो किती पटीने असेल? काड्यापेटीपासून सिमेंटपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणारी केळशीची विधवा त्या खजिन्यात वाटेकरी आहे. सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांना पोचत्या करण्याची आणि न्यायाने निवाडा करण्याची आज्ञा एकत्र आली आहे. शासनाने दिलेले घर ही त्या अमानतीची परतफेड होय.

यावर कोणी म्हणेल, ही उदाहरणे इस्लामी राज्याची आहेत, आपले शासन धर्मनिरपेक्ष आहे. त्याला ती कशी लागू व्हावीत? त्याचे उत्तर प्रेषित यूसुफ (अलै.) यांच्या चरित्रात आहे. ज्या राजाच्या राज्यात त्यांनी भांडाराची जबाबदारी मागून घेतली, तो त्यांच्या धर्माचा नव्हता. सुबत्तेच्या सात वर्षांत त्यांनी दुष्काळाच्या सात वर्षांची तरतूद केली आणि आपत्ती आली तेव्हा भांडार लोकांसाठी उघडले. याची दुसरी बाजूही आहे. खलीफा माननीय उमर (रजि.) यांना एक वृद्ध यहुदी भीक मागताना दिसला, तेव्हा त्यांनी त्याला घरी नेऊन काही दिले आणि मग बैतुलमालच्या अधिकाऱ्याकडे पाठवून त्याची व त्याच्यासारख्यांची सोय लावली. तारुण्यात याच्याकडून कर घ्यायचा आणि म्हातारपणी याला टाकून द्यायचे, हा न्याय नव्हे, ही त्यांची भूमिका होती. धर्म कोणताही असो, खजिना भरणाऱ्याचा खजिन्यावर हक्क असतो, असे ते मानत.

पुराविषयीही आपल्या इतिहासात बरेच आहे. मक्का शहर दऱ्याखोऱ्यांत वसलेले असल्याने तेथे अचानक लोंढे येत. हिजरी १७ मध्ये उम्मे नहशल नावाने प्रसिद्ध झालेल्या पुराने मकामे इब्राहीमचा दगडही जागेवरून वाहून नेला. माननीय उमर (रजि.) मदिनेहून स्वतः आले, दगड पूर्वस्थानी बसवला आणि शहराच्या वरच्या भागात मोठमोठ्या दगडांचा बांध घातला. पुढे हिजरी ८० मध्ये हजच्या ऐन दिवसांत आलेल्या ‘जुहाफ’ पुराने यात्रेकरू सामानासकट वाहून गेले. तेव्हा अब्दुल मलिक यांनी मक्केच्या अधिकाऱ्याला लिहून, नाल्याकाठच्या लोकांच्या घरांना संरक्षक बांध घालून घेतले. बलाजुरी सांगतो की, त्या कामासाठी एक ख्रिस्ती जाणकार नेमला होता. बांध मशिदीला होता आणि घरांनाही होता, हे विशेष.

यावरून आपल्याकडे पाहा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी व शिव नद्यांच्या पाण्याने चिपळूण बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गाव दरडीखाली गेले. चिपळूणकरांनी नदीतील गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण केले, तेव्हा ते काम हाती घेण्यात आले. पुणे जिल्ह्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले. २०१७ मध्ये नवे गाव उभे राहिले आणि पहिल्याच पावसात तेथील जमीन व रस्ते खचले. धनादेश देऊन किंवा किल्ली हाती ठेवून शासनाचे दायित्व संपत नाही. पुढच्या लोंढ्यात ते घर टिकेल का, हेही त्यालाच पाहावे लागते.

आता आपल्याकडेही वळू या, कारण हक्क मागणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत. कोकणातील आपल्या अनेक खानदानी कुटुंबांना तलाठ्यापुढे उभे राहण्याची लाज वाटते. ‘आम्ही देणारे, मागणारे नव्हे’ असे म्हणत कित्येक जण पंचनाम्याच्या वेळी घरात बसतात आणि मग व्याजाचे कर्ज काढून छप्पर घालतात. प्रेषितांनी (स.) ज्याला मागण्याची मुभा दिली, त्याने लाजेपोटी हराम व्याजात शिरावे, हे कसले शहाणपण? याउलट, गोठ्याचे पत्रे उडाले ते राहत्या घराचे दाखवणारेही आढळतात. खैबरच्या प्रसंगी वाटणीपूर्वी एक चादर उचलणाऱ्याविषयी प्रेषितांनी (स.) सांगितले होते की, ती चादर त्याच्यावर आग होऊन पेटली आहे. सार्वजनिक मालातील चादरीची ही गत, तर खोट्या टक्क्यांची काय होईल? जकात व सदक्यातून जमातीने केलेली मदत पुण्याची आहे. तीमुळे शासन मोकळे होत नाही, आणि शासनाचे देणे येईपर्यंत शेजाऱ्याला पावसात ठेवण्याची मुभा आपल्यालाही मिळत नाही.

सर्वांत मोठी अडचण मात्र आपण स्वतःच निर्माण केलेली आहे. घर ज्याच्या नावावर आहे तो आजोबा कबरस्तानात, एक मुलगा मुंबईत, दुसरा कुवेतला, आणि घरात राहते ती तिसऱ्याची विधवा. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर तिचे नाव नाही. सामाईक घर म्हणून सर्वांची संमतिपत्रे हवीत, आणि दिरांपैकी एक बोलत नाही. अल्लाहने वारसांचे हिस्से कुरआनमध्ये नेमून दिले, बहिणीचा आणि विधवेचाही. आपण ते चाळीस-चाळीस वर्षे वाटत नाही आणि मग तिची मदत अडली म्हणून कार्यालयाला दोष देतो. तो दोष अर्धा आपला आहे.

मकामे इब्राहीमच्या कथेतला एक भाग मघाशी सांगायचा राहिला. दगडाची नेमकी जागा कोणती, हे माननीय उमर (रजि.) यांनी लोकांना विचारले, तेव्हा एक सोबती पुढे आले. असे काही होईल या भीतीने त्यांनी पूर्वीच दोरीने सर्व बाजूंची मापे घेऊन ठेवली होती आणि ती दोरी त्यांच्या घरात होती. उमर (रजि.) यांनी त्यांना आपल्याजवळ बसवून घेतले, माणूस धाडून दोरी आणवली, आणि दगड त्या मापाने बसला. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या घरपट्टीच्या उताऱ्यावरील नाव, वारसनोंद, बँकेचे खाते आणि चारी बाजूंनी काढलेली घराची छायाचित्रे तपासून एका पिशवीत बांधून ठेवावीत. जुमाच्या नमाजनंतर जमातीतील दोन शिकलेल्या तरुणांनी तासभर बसून ज्यांना वाचता येत नाही त्यांचे कागद पाहून द्यावेत, आणि सुरुवात मोहल्ल्यातील विधवांच्या घरांपासून करावी.