स्वर मरतो तो कुठे?

मडकं घेताना गिऱ्हाईक त्याला टिचकी मारून बघतं आणि ठणठणीत आवाज आला की पैसे काढतं. तो आवाज काठातून आला की बुडातून, असं कुणी विचारत नाही. मडकं एकसंध असतं. इलेक्ट्रिक बेस गिटारच्या बाबतीत मात्र हा प्रश्न टळत नाही, कारण हे वाद्य जन्मापासूनच सुट्या भागांचं आहे. लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात त्याने ‘प्रिसिजन बेस’ काढला तो दुरुस्तीवाल्याच्याच डोक्याने: लाकडाची भरीव फळी आणि तिला चार स्क्रूंनी आवळलेली मान. मान वाकली तर दुसरी बसवा, पिकअप गेला तर तेवढा बदला. त्यामुळे अशी गिटार, विशेषतः वापरलेली, विकत घेताना तपासणीही भागवार होते, आणि त्या तपासणीत एक जुना दार्शनिक वाद दडून बसला आहे. सगळे भाग पास झाले म्हणजे गिटार पास झाली का? भागांपलीकडे ‘गिटार’ म्हणून काही असतं का?

भागवार तपासणीला कमी लेखायचं कारण नाही. सुतार एक डोळा मिटून फळीची कड बघतो तशी मान बघायची. पिळलेली असेल तर तिथेच कळतं. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरली की तीच सरळ पट्टीचं काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्याखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट जास्त असेल तर मानेतला ट्रस रॉड आवळून ती कमी करता येते. पण रॉडचा नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर पुढे वाट नाही, आणि हे विकणारा आपण होऊन सांगत नसतो. बाराव्या फ्रेटवर दाबून काढलेला स्वर आणि त्याच जागचा हार्मोनिक ट्यूनरवर जुळतात का, व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येते का, जॅक हलवला की आवाज तुटतो का, हे पाचेक मिनिटांचं काम. यातल्या प्रत्येक दोषाला पत्ता आहे. ज्याला पत्ता आहे त्याच्या दुरुस्तीचा खर्च सांगता येतो आणि तेवढी किंमत पाडूनही मागता येते.

एक दोष मात्र बिनपत्त्याचा. सगळ्यात बारीक, म्हणजे जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर छेडावा. सुरुवातीला तो शेजारच्या स्वरांसारखाच उठतो, आणि ते सावकाश विरत असताना हा एक-दोन सेकंदांत बसतो. वादक त्याला ‘डेड स्पॉट’ म्हणतात. अशा बांधणीच्या कितीतरी गिटारांत, महागड्या गिटारांतसुद्धा, तो सापडतो. त्या जागचा फ्रेट झिजलेला नसतो, तार नवी असते, पिकअप शाबूत असतो. कारण वेगळंच आहे: फळीला आवळलेल्या मानेची स्वतःची थरथरण्याची एक गती असते. छेडलेल्या स्वराची कंपनसंख्या तिच्याशी जुळली की तारेतली ऊर्जा मान ओढून घेते आणि तार लवकर गप्प होते. मग स्वर नक्की कुठे मरतो? तारेत नाही, कारण तीच तार दोन फ्रेट पुढे नीट वाजते. मानेतही नाही, कारण मान सोडवून टेबलावर ठेवली तर मरायला तिथे स्वरच नाही.

हा प्रश्न कानाला ओळखीचा वाटतो, कारण बौद्ध भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला विचारलेला प्रश्न याच घडणीचा आहे. (औरंगाबादच्या महाविद्यालयाला डॉ. आंबेडकरांनी मिलिंदाचं नाव दिलं आणि तिथला परिसर नागसेनवन झाला, त्यामुळे मराठी वाचकाला ही जोडी परकी नाही.) राजा रथातून आला होता. नागसेन विचारत गेला: दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? सगळ्यांचा ढीग? की या सगळ्यांहून निराळं काही? प्रत्येक वेळी राजा नाही म्हणाला. मग रथ कुठे आहे? रथ हे या भागांच्या आधाराने चालणारं नाव आहे, एवढंच कबूल करून राजाला सुटका करून घ्यावी लागली.

जुन्या गिटारांच्या बाजारात फिरलं तर नागसेनाची बाजू जवळजवळ रोज सिद्ध होताना दिसते. साठच्या दशकातली ‘ओरिजिनल’ फेंडर म्हणून जिला प्रचंड भाव येतो, तिच्यात ओरिजिनल काय असतं? त्या काळचा क्रमांक मानेमागच्या धातूच्या पट्टीवर कोरलेला असतो, आणि ती पट्टी त्याच चार स्क्रूंनी बसलेली असते. चार स्क्रू काढले की क्रमांक दुसऱ्या गिटारवर जातो. कंपनीचं नाव म्हणजे हेडस्टॉकवर चिकटवलेली पातळ पापुद्र्यासारखी छाप, तीही नकली मिळते. म्हणून जाणकार मान उतरवून तिच्या टाचेवरची तारीख बघतात, सोल्डरिंगचे डाग न्याहाळतात, रंगाच्या कडा तपासतात. तरी शेवटी हाती लागतात ते पुरावे भागांचेच. ‘१९६२ ची गिटार’ हा त्या भागांवर चढवलेला एक शब्द, आणि पैसे मोजले जातात ते बव्हंशी त्या शब्दाचे.

इथवर नागसेन बरोबर. पण डेड स्पॉट हा शब्द नव्हे. छाप खरवडून टाका, क्रमांक बदला, गिटारला कुठलंही नाव द्या. तो स्वर तिथेच मरेल. न्यायदर्शनाने बौद्धांशी जो वाद घातला तो नेमका याच जागेवर. भागांहून वेगळा ‘अवयवी’ असतो, असं नैयायिक म्हणतात, आणि न्यायसूत्रांतला त्यांचा एक युक्तिवाद अगदी हाताशी येणारा आहे: वस्तूचं एक टोक धरून ओढलं की सबंध वस्तू येते, नुसता ढीग असा येत नाही. बेस गिटारवर याची याहून बारीक परीक्षा होते. स्वर मरत असेल तेव्हा हेडस्टॉकचं टोक लाकडी कपाटाला घट्ट टेकवून तोच स्वर पुन्हा छेडावा. बहुतेकदा तो बदलतो. कधी लांबतो, कधी मेलेली जागा एखाद्या फ्रेटने सरकते. हेडस्टॉकला चाप लावून थोडं वजन वाढवलं तरी तेच. हात लागला टोकाला आणि फरक पडला मधल्या तारेच्या आयुष्यात. भाग एकमेकांना नावापुरते चिकटलेले असते तर हे झालं नसतं.

यावर आक्षेप येईल की हे निव्वळ पदार्थविज्ञान आहे: मान पुरेशी ताठ केली, लाकडाऐवजी कार्बन फायबरची केली, तर डेड स्पॉट सरकतो किंवा क्षीण होतो, म्हणजे दोष मानेचाच. आक्षेप वजनदार आहे, पण अपुरा. मानेला न शिवता, केवळ तारा पिळायच्या खुंट्या हलक्या बसवूनही जागा सरकते, मग दोष खुंट्यांचा म्हणायचा का? फळी बदलली तरी ती सरकू शकते. जो आरोप आळीपाळीने प्रत्येकावर लागू होतो तो कुणा एकट्याचा नसतो. भागांवरून एखादी गोष्ट समजावून सांगता आली म्हणून ती भागांत होती, असं होत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी घ्या: घोडी, तार आणि मधला दोरा, तिन्ही डोळ्यांसमोर असतात, पण दोरा केसभर सरकेपर्यंत जवारी लागत नाही.

दुसरा आक्षेप बौद्धांकडूनच आलेला आणि जास्त बोचरा. अवयवी ही जर भागांहून वेगळी, नवी वस्तू असेल तर काट्यावर वजन वाढायला हवं. ते वाढत नाही. चार किलोची गिटार खोलून भाग वेगवेगळे तोलले तरी बेरीज चारच किलो भरते. नैयायिकांनी यावर उत्तरं दिली आहेत, पण मला ती ओढूनताणून दिलेली वाटतात. वजनाच्या प्रश्नावर हार मान्य करणं बरं: गिटार ही वेगळी वस्तू नाही. मात्र त्यामुळे ती नुसतं नावही ठरत नाही. बौद्धांच्याच धर्मकीर्तीची खरेपणाची कसोटी अर्थक्रियेची आहे. जे काम करतं ते खरं. मेलेला सी शार्प काम करतो, आणि गाण्याच्या मधोमध करतो. बौद्ध म्हणतील की काम करते ती कारणांची सामग्री, कुणी अवयवी नव्हे. म्हणोत बापडे. ही सामग्रीसुद्धा कुठल्याच सुट्या भागात सापडत नाही, आणि मी अडून बसलो आहे तो एवढ्याच मुद्द्यावर.

आणि नाव? तेही अगदीच पोकळ नसतं, हे बेसवादक जॅको पास्टोरियसच्या १९६२ च्या जॅझ बेसवरून दिसतं. फ्रेट उपटून त्यांच्या खाचा भरलेली, वर इपॉक्सीचा थर दिलेली ती गिटार ऐंशीच्या दशकात फुटून तुकडे झाली. कारागिरांनी तुकडे सांधून ती उभी केली, मग १९८६ मध्ये ती चोरीला गेली, आणि वीस वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये सापडली. सांधलेल्या लाकडाचे ताण, वजन, चिकटवलेल्या रेषा सगळं बदललेलं. सामग्रीच्या हिशोबाने ती दुसरी गिटार. तरी दुसरा एक बेसवादक रॉबर्ट ट्रुहियो याने ती मिळवण्यासाठी पैसे घातले, ते वेडेपणाने नव्हे. नागसेनानेच दुसरा दाखला दिला आहे: रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तीच नसते आणि निराळीही नसते. मालिका अखंड असते. संग्राहक विकत घेतो ती ही मालिका. तिच्यासाठी टाचेवरची तारीख आणि सोल्डरचे डाग बघावेत हे योग्यच.

वाजवण्यासाठी घेणाऱ्याला मात्र ती तारीख उपयोगाची नाही, आणि दुकानातली सुट्या भागांची यादीही नाही. त्याला हवी आहे ती गोष्ट भाग जोडलेले असताना आणि वाजत असतानाच असते. वीस फ्रेट, चार तारा, मोकळ्या तारा धरून चौऱ्याऐंशी जागा. एकेका जागी स्वर छेडून मनात चार अंक मोजायचे, अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवून, गिटारच्या वरच्या कडेशी कान नेऊन. सहा मिनिटंही लागत नाहीत. जी तारेच्या पाचव्या फ्रेटपाशी आलं की थोडं सावकाश जायचं.