वहीचं शेवटचं पान

सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात, सासूच्या नावावरच्या घरात रेणुका आणि तिचा मुलगा ओंकार राहायचे. नवरा यंत्रमागावर कामाला होता. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला आणि दवाखान्यासाठी काढलेलं कर्ज मागे राहिलं. सासू धाकट्या लेकाकडे निघून गेली.

रेणुका विड्या वळायची. रात्री ओल्या फडक्यात बांधून ठेवलेली तेंदूची पानं पहाटे काढायची, पत्र्याच्या मापावर कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची आणि दोरा बांधायची. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. असे चाळीस कट्टे झाले की हजार विड्या. त्या कारखान्याच्या ब्रँचवर नेऊन द्यायच्या, तिथे तपासणारा जेवढ्या छाट काढेल तेवढ्या वाया. शिवाय संध्याकाळी दोन घरचा स्वयंपाक. सगळं मिळून महिन्याला आठ हजार दोनशे रुपये.

गटकर्ज तीन होती. सोमवारचा हप्ता ६२० रुपये, बुधवारचा ५४०, शुक्रवारचा ४८०. एकाचा हप्ता चुकू नये म्हणून दुसरं काढलेलं, दुसऱ्यासाठी तिसरं. आणि या तिन्हींनाही पैसे पुरेनात म्हणून वस्तीतल्या एकाकडून घेतलेले वीस हजार. त्याचं व्याज महिन्याला शेकडा दहा, तारण म्हणून सही केलेला कोरा चेक. हे शेवटचं कर्ज तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. गटकर्जाची गोम अशी, की एकीने हप्ता थकवला तर बाकीच्या बायकांना तो भरावा लागतो. त्यामुळे रेणुकाला कर्ज देणाऱ्या कंपनीच्या माणसापेक्षा शेजारणींच्या नजरेची भीती जास्त वाटायची.

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. नळाला पाणी चौथ्या दिवशी आलं, तेही अर्धा तास. गॅस संपला. ब्रँचवर दोन कट्टे छाट निघाले. ती घरी येऊन परत कामाला बसली तेवढ्यात ओंकारच्या धक्क्याने तांब्या कलंडला आणि सुपातली तंबाखू भिजली. रेणुकाने त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले. ‘‘तुला कळतं का रे, किती मरते मी!’’ असं ओरडली आणि दारातलं त्याचं दप्तर तिने आत भिरकावलं.

दप्तरातून गणिताची वही बाहेर पडली ती शेवटच्या पानावर उघडी. वळणदार अक्षरात यादी होती. ‘सोमवार, निळा शर्ट, सकाळी. बुधवार, टोपीवाले काका. शुक्रवार, दोन मॅडम. दहा तारीख, बुलेटवाला. आई घरी नाही म्हणायचं.’

बुलेटवाला म्हणजे वस्तीतला तो वीस हजारवाला.

‘‘हे कधी लिहिलंस?’’

‘‘तू मागे न्हाणीत लपतेस ना, तेव्हापासून,’’ ओंकार म्हणाला. ‘‘चुकून कुणाला ‘आहे’ म्हणालो असतो तर?’’

सहावीतलं पोर खोटं बोलायचं वेळापत्रक लिहून ठेवत होतं. लेकराला काही कळू नये म्हणून तिने एवढी धडपड केली, आणि घरात सगळ्यात जास्त त्यालाच कळलं होतं. मला वाटतं, कर्जाचा खरा भुर्दंड हा असतो. तो कुठल्याच पासबुकात चढत नाही.

त्या रात्री रेणुका ओंकारला घेऊन शेजारच्या लक्ष्मीअक्काकडे गेली. अक्काही विड्याच वळायची, शिवाय बचत गटाची अध्यक्ष होती. ‘‘अक्का, मला हिशेब मांडून द्या,’’ एवढंच ती म्हणाली आणि बांध फुटला. अक्काने तिला रडू दिलं. मग म्हणाली, ‘‘ओंकार, वही काढ. नवीन पान घे.’’

पोराने आकडे मांडले. तिन्ही आठवडी हप्ते मिळून महिन्याला सरासरी सात हजार शंभर, वर व्याजाचे दोन हजार. कमाई आठ हजार दोनशे. म्हणजे पोटात घास जायच्या आधीच नऊशे कमी. आणि बुलेटवाल्याला चौदा महिन्यांत अठ्ठावीस हजार देऊन झाले होते, मुद्दल जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी अक्का तिला विडी कामगारांच्या संघटनेत घेऊन गेली. तिथल्या कार्यकर्त्याने कायदा समजावून सांगितला. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणं हा गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करायची. गटकर्जांबाबतही रिझर्व्ह बँकेचे नियम एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीचा माणूस सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर फोन करू शकत नाही, शिवीगाळ आणि धमकी तर नाहीच नाही.

रेणुका ऐकत राहिली. तिला कर्ज देताना यातलं एक अक्षरही कुणी सांगितलं नव्हतं.

तक्रार अर्ज दिल्याचं वस्तीत कळलं आणि बुलेटवाला स्वतः चेक परत करून गेला. एका कंपनीने लेखी अर्जावर मुदत वाढवली, सोमवारचा हप्ता चारशेवर आला. दुसरीने साफ नकार दिला. शुक्रवारच्या कर्जाचे उरलेले अकरा हजार बचत गटाने दरमहा शेकडा दोन व्याजाने दिले आणि ते खातं बंद झालं. गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सगळं सांगताना रेणुकाची मान खाली होती. ती बोलायची थांबली तशा आणखी दोघी बोलल्या. त्यांच्याही घरी बुलेटवाला येत होता.

रेणुकाच्या हातात महिन्याला जेमतेम तीन हजार उरू लागले. तेवढ्यात घर चालवणं सोपं नव्हतं. विड्या अजूनही छाट निघायच्या, नळाला पाणी अजूनही चौथ्या दिवशीच यायचं. राग यायचा, पण आता ती ओंकारला आधीच सांगायची, ‘‘आज डोकं तापलंय, जरा लांब बस.’’ विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळते. त्या शिष्यवृत्तीचा अर्ज ओंकारने आईचं ओळखपत्र जोडून स्वतः भरला. सोमवारी निळा शर्टवाला आला की तो दारातूनच आत हाक मारायचा, ‘‘आई, हप्तेवाले आलेत.’’ पैसे असले की रेणुका भरायची. नसले तरी बाहेर येऊन उभी राहायची आणि कधी देणार ते सांगायची.

तुमच्या आळीत अशी एखादी आई किंवा एखादा बाप असेल. उसने पैसे द्यायची ऐपत तुमच्याकडे नसेल, हरकत नाही. एक संध्याकाळ कागद-पेन घेऊन त्यांच्याजवळ बसा, सगळे आकडे लिहून काढायला मदत करा. आणि उपनिबंधकांच्या कार्यालयात जायची वेळ आली तर सोबत जा. एकट्या माणसाकडून तो जिना चढवत नाही.