पाच भाकरी आणि माथ्यावरचे पाणी



परळ-लालबागच्या चाळींत ज्यांची मुळे कोकणात किंवा घाटावर आहेत, अशी घरे आजही पुष्कळ आहेत. या घरांतले आजे-पणजे गिरणीत लागले, खाणावळीत जेवले आणि पगारातून गावी मनीऑर्डर धाडत राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि झळ गावच्या चुलीपर्यंत पोचली. मनीऑर्डरीने गाव जगत होते. गावची गरिबी मात्र तशीच होती. मग ती हटते कशी?

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांच्या भोजनाचा प्रसंग आहे. लोकांना आसपासच्या गावांत पाठवून द्यावे, असे शिष्यांना वाटते. प्रभू मात्र त्यांच्याजवळ काय आहे, याची आधी चौकशी करतो. हाताशी असलेल्या पाच भाकरींवरच तो आशीर्वाद देतो.

येशूसंघीय स्विस धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात हीच वाट धरली. तिथे पाऊस कमी. पण जो पडतो तोही उघड्या डोंगरावरून माती घेऊन वाहून जातो. तो माथ्यापासून पायथ्यापर्यंत अडवायचा, चर खणायचे, बांध घालायचे, झाडे लावायची. १९९३ साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था उभारली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांत हे काम झाले. संस्थेने पैसा आणि तंत्र आणले. श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मात्र गावाने स्वतः पाळायची होती.

१९३१ साली पोप अकरावे पायस यांनी एक तत्त्व मांडले : लहान समूह जे स्वतः करू शकतो, ते मोठ्याने त्याच्या हातून काढून घेऊ नये. मदत करणाऱ्याने गावाचा मालक होऊ नये, असा त्याचा अर्थ. संस्था निघून गेल्यावरही बांधाची डागडुजी गाव करत असेल, तर ती मदत खरी.

इथे एक अवघड प्रश्नही आहे. चराईबंदीचा पहिला चटका शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनाला बसतो आणि विहिरीला पाणी वाढले की पहिला लाभ जमीनवाल्याला होतो. म्हणून ग्रामसभेत भूमिहीन आणि बायाबापड्या बोलतात की नाही, त्यांना मजुरी, चारा, बचत गटाचे कर्ज मिळते की नाही, हे पाहावेच लागते. प्रभूच्या पंगतीत सगळे गवतावर बसले आणि सगळेच तृप्त झाले. उरलेले तुकडेही गोळा केले गेले. काही वाया गेले नाही.

प्रायश्चित्तकाळात कॅरितास इंडियाच्या भूक व रोगराईविरुद्धच्या मोहिमेसाठी आपण दान देतो. यंदा नोट टाकताना आपण विचारू या : हा पैसा कुठल्या गावी जातो? तिथले लोक काय ठरवतात? सर्वांत गरिबाच्या वाट्याला काय येते? असे विचारल्याने श्रद्धा कमी होत नाही, दान मात्र डोळस होते. आणि ज्यांचे गावी घर आहे, त्यांनी मे महिन्यात आंब्यांची पेटी आणण्याआधी एक दिवस बांधावर श्रमदानाला द्यावा.

आपल्याजवळच्या पाच भाकरी लपवून न ठेवण्याची कृपा प्रभू आपल्याला देवो. आमेन.