कोणास काय ठाऊक

महाविद्यालयांतील मुलांनी स्वतःच्या हिमतीवर लघुचित्रपट काढण्याची जी लाट अलीकडे आपल्याकडे आली आहे, तिच्यात रहस्यपटांकडे असलेला ओढा पाहिला म्हणजे त्यामागची व्यावहारिक कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. नट दोन-तीन पुरतात, गाणी लागत नाहीत, रात्र फुकट मिळते आणि खिशातल्या मोबाइलवर चित्रीकरण होते. शिवाय काळोखात उभारणीतले दोष झाकले जातात, हा एक न बोललेला हिशेब असतोच. एकूण, भय हे सर्व रसांत स्वस्त, असा या मंडळींचा ग्रह झालेला दिसतो. माझ्या मते तो ग्रह साफ चुकीचा आहे. कारण हास्य फसले तर प्रेक्षक निदान गप्प बसतो, भय फसले तर मात्र तो हसतो.

२००४ सालापासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरू लागला आणि दर नोव्हेंबरात पणजीस जाऊन जगभरचे चित्रपट पाहून येणारी एक पिढी आमच्या डिचोली तालुक्यातही तयार झाली. ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु त्या आठवड्यात दहा देशांची भये पाहून परतलेला तरुण जेव्हा स्वतः लिहावयास बसतो, तेव्हा त्याच्या कागदावर लांब कोट घातलेला गुप्तहेर उतरतो, धुके उतरते आणि ज्यात कोणी राहत नाही असा एक वाडा उतरतो. कारापुरात, जेथे साखळीचा बाजार इतका लागून आहे की हद्द कोठे संपते हे परक्या माणसास सांगता येऊ नये, एका अंगाला विठ्ठलाचे देऊळ व वाळवंटी नदी आणि पलीकडे खाणींच्या तांबड्या मातीचे डोंगर आहेत, तेथील काही विद्यार्थ्यांनी अभिप्रायासाठी माझ्याकडे आणून दिलेल्या पटकथेत यांपैकी एकही गोष्ट नव्हती. एक निर्जन बंगला होता, मुखवटा घातलेला खुनी होता आणि शेवटच्या पानावर तो मुखवटा उतरत होता.

मुखवट्याखाली कोण आहे, हा प्रश्न शहराचा आहे. जेथे शेजारच्या सदनिकेतील माणसाचे नाव ठाऊक नसते, तेथे गुन्हेगार अनोळखी असू शकतो आणि त्याचा शोध हाच कथेचा विषय होऊ शकतो. गावात तसे नाही. गावात कोणी काय केले हे पंचनाम्याच्या आधी तिस्कावरच्या, म्हणजे तिठ्यावरच्या, चहाच्या दुकानात पोहोचलेले असते. ठाऊक नसते ते एवढेच, की हे कोण बोलणार, कधी बोलणार, आणि बोलल्यावर त्याचे काय होणार. म्हणून माझे म्हणणे असे, की आमच्या गावाचा रहस्यपट हा कोड्याच्या जातीचा असू शकत नाही. कोडे येथे टिकतच नाही. येथे टिकते ती ठाऊक असूनही तोंड मिटून बसण्याची ताणलेली अवस्था.

हा भेद नवा नाही. आल्फ्रेड हिचकॉक याने १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत तो टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने सांगून ठेवला आहे : बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकास काही सेकंदांचा धक्का मिळतो, पण तो तेथे आहे हे प्रेक्षकास आधी दाखवले आणि टेबलाभोवती बसलेल्यांस दाखवले नाही, तर त्यांच्या अत्यंत क्षुल्लक गप्पाही असह्य होतात. मराठीत राजा परांजपे यांच्या १९६४ सालच्या ‘पाठलाग’ने कोड्याची जात उत्तम साधली. समोर उभी असलेली स्त्री तीच की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे अखेरपर्यंत अडवून धरणे ही त्याची ताकद, आणि ‘मेरा साया’च्या रूपाने ते कथानक पुढे हिंदीतही गेले. अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या वाचकास हीच जात परिचयाची. परंतु ‘पाठलाग’ला पूर्ण लांबीचा अवकाश होता. दहा मिनिटांत संशयित उभे करावयाचे, प्रत्येकाला हेतू द्यावयाचा आणि मग त्यांतून एक निवडावयाचा, हा व्यवहार तोट्याचाच ठरणार.

आणि ज्यांना हिचकॉक परका वाटतो, त्यांनी पेडण्याच्या किंवा आमच्याच तालुक्यातील एखाद्या जत्रेस रात्री जागावे. दशावतारी काल्यात संकासुर काळ्या वेषात नाचत येतो. तो वेद पळवणार आणि शेवटी विष्णूच्या हातून मरणार, हे पुढे चटईवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलासही ठाऊक असते. तरी ते मूल आईच्या पदराआड तोंड लपवते आणि एका डोळ्याने पाहत राहते. पुढे आख्यान उभे राहते, त्याचाही शेवट सर्वांस पाठ असतो, आणि पहाट होईपर्यंत माणसे उठत नाहीत. याहून एक अधिक शिकण्यासारखी गोष्ट पडद्यामागे घडते. आख्यानाचे संवाद लिहिलेले नसतात. खेळ सुरू होण्याआधी, तोंडाला रंग लावता लावता, कोणते आख्यान, कोण कोणामागून येणार, कोणती बातमी कोणाच्या तोंडून प्रथम बाहेर पडणार, एवढे ठरते. बाकीचे शब्द नट उभ्या उभ्या रचतो. क्रम पक्का आणि शब्द मोकळे. आमचे विद्यार्थी नेमके याच्या उलट करतात : संवाद स्वल्पविरामासह लिहून काढतात आणि क्रम संकलनाच्या वेळी पाहू म्हणतात.

लघुपटात हे कसे साधते, याचा एक वस्तुपाठ फ्रान्समधून घेता येतो. ऑलिव्हिये त्रेनेर याचा २०१० सालचा ‘लाकॉर्दर’ हा चौदा मिनिटांच्या आतबाहेरचा चित्रपट. एक अपयशी पियानोवादक आंधळ्याचे सोंग घेऊन घरोघर पियानो जुळवत फिरतो, कारण आंधळ्याबद्दल लोकांना कणव असते आणि त्याच्यासमोर ते सावध नसतात. तो एका घरात शिरतो आणि तेथे नुकताच खून झालेला आहे. याला दिसते, हे आपल्याला ठाऊक. घरातल्या बाईला ठाऊक नाही. श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’ची (२०१८) कल्पना याच बीजातून आली आणि पुण्याच्या वातावरणात तिचा सव्वादोन तासांहून मोठा विस्तार झाला. पण बीज त्या चौदा मिनिटांतच पूर्ण आहे, आणि त्यात मुखवटा उतरवण्याचा प्रसंग नाही. वास्तविक सोंग काय ते प्रेक्षकापुढे पहिल्यापासून उघडे आहे.

तेव्हा पटकथा परत करताना तिच्या समासात काही न लिहिता मी त्या मुलांना एक तक्ता आखावयास सांगितला. डावीकडे प्रसंगांची ओळ, आणि पुढे रकाने पात्रांचे. शेवटचा रकाना प्रेक्षकाचा. प्रत्येक घरात एकच नोंद करावयाची : या क्षणी याला काय ठाऊक आहे. जमीनमहसुलाच्या दप्तरातील उताऱ्याप्रमाणे हे काम रुक्ष दिसते, आणि तरुण मंडळींना ते कलेचे वाटत नाही. त्यांच्या मते आखणी म्हणजे जेवणाचे डबे, बॅटऱ्या आणि कोणाची दुचाकी मिळेल याची यादी. ती यादीही हवीच. पण रहस्यपटाची खरी आखणी म्हणजे ज्ञानाची वाटणी, आणि ती कागदावर झाली नाही तर कॅमेऱ्यासमोर होत नाही. त्यांचा पहिला तक्ता भरला तेव्हा असे दिसले, की सात प्रसंगांपर्यंत प्रेक्षकाचा रकाना कोराच होता. ज्याला काहीच ठाऊक नाही, त्याला भीती कशाची वाटावी?

त्या कोऱ्या रकान्यातून त्यांनी जे नवे कथानक काढले ते, मला सांगावयास आनंद वाटतो, सर्वस्वी गावचे निघाले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे काही काळ चालू होऊन फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि या दोन तारखांच्या मध्ये ज्या घरांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांच्या अंगणात ते ट्रक ताडपत्रीखाली उभे राहिले. अशा एका घरातील मुलाच्या हाती सावकारी देण्याघेण्याची एक वही लागते. वही कोणाची हे साऱ्या वाड्यावर ठाऊक आहे. कोणी नाव घेत नाही. त्रिपुरारी पौर्णिमेस विठ्ठलापुरात वाळवंटीच्या पात्रात दिव्यांनी सजवलेल्या नौका सोडण्याची जी प्रथा आहे, तिच्यासाठी हा मुलगा मित्रांसह नौका बांधतो आहे, आणि पहिल्याच मिनिटात तो ती वही प्लास्टिकात गुंडाळून नौकेच्या तळाशी, पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये चिकटवून टाकतो. तेथून पुढे नौकेला लागणारा प्रत्येक हात, तिच्यात ठेवली जाणारी प्रत्येक पणती, आणि काठावर उभा असलेला तो वहीचा धनी, यांतले काहीही निरुपद्रवी राहत नाही. बॉम्ब टेबलाखालून उठून नदीत आला.

मात्र अशा कथेचा कळस वर्षातून एकाच रात्री उपलब्ध होतो, ही तिची अडचण आहे. त्रिपुरारीची गर्दी ‘पुन्हा एकदा’ म्हटल्याने मागे सरत नाही, आणि एकदा प्रवाहाला लागलेली नौका नटाच्या सोयीसाठी काठाला येत नाही. मुलांचा विचार सर्व काही त्याच रात्री उरकण्याचा होता. तो सोडावयास लावणे मला भाग पडले. त्या रात्री फक्त तेच टिपावे जे दुसऱ्या कोणत्याही रात्री मिळणार नाही : दुरून दिसणारी दिव्यांची रांग, पाण्यावर हलणारे तिचे प्रतिबिंब, गर्दीतून पाठमोरा वाट काढणारा नायक, आणि ध्वनिक्षेपकाखेरीजचा नैसर्गिक गलबला, ज्याचे मुद्रण वेगळे करून ठेवावे. चेहरे, हात, पुठ्ठ्याचा उसवलेला कोपरा, पणतीची वात, हे सारे नंतरच्या एखाद्या रात्री चार मित्र, वीस पणत्या आणि नदीकाठची शांत जागा एवढ्यावर काढता येते, कारण इतक्या जवळून पाहताना आकाश चौकटीत येत नाही आणि चंद्र पौर्णिमेचा की पंचमीचा हे कोणी विचारत नाही. विचारले जाते ते शर्टाबद्दल. पाठमोऱ्या नायकाच्या बाहीची घडी कोपराच्या वर होती की खाली, हे त्या रात्रीच लिहून व छायाचित्र काढून ठेवले नाही, तर साऱ्या कथेवरचा विश्वास एका बाहीपायी उडतो. सातत्याची वही सांभाळणारा गडी हा प्रत्येक विद्यार्थी-चित्रपटात दुय्यम मानला जातो. माझ्या मते दिग्दर्शकानंतरचे मानाचे पान त्याचे.

ख्रिस्तोफर नोलन याने आपला पहिला चित्रपट ‘फॉलोइंग’ (१९९८) असाच मित्रांना घेऊन, बहुतेक आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, सुमारे वर्षभर चालवून पूर्ण केला. फिल्म महाग, म्हणून नाटकाप्रमाणे तालमी आधी करावयाच्या आणि प्रत्येक दृश्य एका किंवा दोन प्रयत्नांत घ्यावयाचे, असा त्याचा शिरस्ता होता. आज मोबाइलात दृश्य पन्नास वेळा घेता येते. यामुळेच तालीम मागे पडली, असे मला वाटते. ज्या गावात उत्सवी नाटकाची तालीम महिनाभर देवळाच्या सभामंडपात चालते, तेथील मुलांनी ही सवय सोडावी हे तर अधिकच अजब.

परवानग्यांविषयी थोडक्यात. गोव्यात चित्रीकरणाच्या अर्जासाठी गोवा मनोरंजन सोसायटी आहे. पण त्याआधी देवस्थान समिती, कारापूर-सर्वण पंचायत आणि ज्यांच्या अंगणात ट्रक उभा आहे ते घर, या तीन दारी तोंडी का होईना विचारून यावे. खोटे पिस्तूल किंवा पळवापळवीचा प्रसंग असेल तर पोलीस ठाण्यास आगाऊ वर्दी द्यावी. रात्री दुचाकीवरून जाणाऱ्या माणसास आपण अभिनय करतो आहोत हे कळण्याचा मार्ग नसतो. आणि बंद खाणीच्या खंदकात साठलेल्या पाण्याच्या काठावर, ते पाणी कितीही मोहक हिरवे दिसो, चित्रीकरण करू नये. त्या कडा भुसभुशीत असतात. येथे मी मत देत नव्हतो, मनाई करत होतो.

भाषेचा प्रश्न मुलांनीच काढला. ती घरी कोंकणी बोलतात, रंगमंचावर आणि पत्रात मराठी वापरतात, आणि पात्रांनी काय बोलावे यावर त्यांच्यात दोन तट पडले होते. मी त्यांना एवढेच सुचवले, की वहीचा धनी जेव्हा मुलाजवळ येतो तेव्हा त्याने वहीचा उल्लेखही करू नये. ‘व्हडी बरी जाल्या रे, बाबा कसो आसा तुजो?’ एवढे विचारावे आणि नौकेच्या कडेवरून बोट फिरवावे. प्रेक्षकाचा रकाना भरलेला असला म्हणजे धमकी वेगळी लिहावी लागत नाही, आणि मग ती कोणत्या भाषेत द्यावी याचा वादही उरत नाही. वहीतील अक्षर मात्र मराठीच असावे, यावर दोन्ही तटांचे एकमत झाले, कारण तालुक्यात हिशेब लिहिणाऱ्यांचा रिवाजच तो.

शेवटाबाबत आमचे जमलेले नाही. मुलांना अखेरच्या क्षणी ती वही कोरी होती असे दाखवावयाचे आहे. धनी ज्या कागदांसाठी कासावीस झाला त्यांवर काहीच नव्हते, आणि मुलाने त्याला फक्त हेरण्यासाठी हा घाट घातला. युक्ती चतुर आहे, टाळी मिळेल. पण ज्या प्रेक्षकास नऊ मिनिटे विश्वासात घेतले त्याला दहाव्या मिनिटास फसवणे मला मान्य नाही. आणि हा नवा शेवट स्वीकारला तर तक्त्यातील शेवटचा रकाना पहिल्या ओळीपासून खोटा भरला होता, असे ठरते. त्यांचे उत्तर असे, की गावात ज्याला सगळे ठाऊक आहे असे वाटते, त्यालाही पुष्कळदा चुकीचेच ठाऊक असते, आणि प्रेक्षकानेही गावातल्या माणसासारखेच फसावे हे योग्य. या उत्तराचा प्रतिवाद मला अद्याप सुचलेला नाही. कार्तिक जवळ येतो आहे, नौकेसाठी पुठ्ठा आणि बांबू आणून झाले आहेत, आणि दोन्ही शेवट चित्रित करून ठेवण्याची तजवीज, माझ्या आग्रहावरून, खर्चाच्या यादीत घातली गेली आहे.