कमंडलूतला मासा, काचेतला मासा



आजचं चिंतन भागवताच्या आठव्या स्कंधातल्या शेवटच्या अध्यायाचं, म्हणजे मत्स्यावताराचं. कृतमाला नदीत तर्पण करणाऱ्या राजा सत्यव्रताच्या ओंजळीत एक इवलासा मासा येतो. राजा त्याला परत पाण्यात सोडायला जातो, तर मासाच विनवतो की मोठे जलचर मला खातील, मला सांभाळ. राजा त्याला कमंडलूत ठेवतो. एका रात्रीत कमंडलू पुरेना. मग रांजण, मग सरोवर, शेवटी समुद्र.

आपलं लक्ष नेहमी पुढच्या प्रलयाकडे आणि नावेकडे जातं. मी या वेळी रांजणापाशीच अडकलो. ऑफिसातला एक मित्र घरी खाऱ्या पाण्याचा टँक लावतोय आणि त्यात त्याला मोठा पफर हवाय. "तू रोज पोथी वाचतोस, सांग, यात काही चुकीचं आहे का?"

पफर म्हणजे कोकणातला केंड. जाळी कुरतडतो म्हणून मच्छीमार त्याच्यावर वैतागलेले असतात. मित्राच्या मनात आहे तो पाठीवर पांढरे ठिपके आणि पोटावर पट्टे असलेला. दुकानात बोटाएवढा दिसतो, पण वाढून दीड फुटापर्यंत जाऊ शकतो, आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. खातो भरपूर, घाणही तितकीच करतो. त्यामुळे सहा-सातशे लिटर पाणी तरी हवंच. लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ धरलं तर 700 लिटरला साडेचोवीस किलो! सवयच आहे हिशोबाची, काय करणार.

दातांचं वेगळंच. याचे दात चोचीसारखे जुळलेले असतात आणि जन्मभर वाढतात. कवचाचं खाऊन ते झिजले नाहीत तर खाणंच अवघड होतं. म्हणजे घरात तिसऱ्या, खेकडे आले. मित्राच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूणही बंद असतो. एकादशी तुमची, त्याची नाही. पण मला स्वतःला ही अडचण फार मोठी वाटत नाही. समुद्रातही तो हेच खातो, तो त्याचा स्वभावधर्म आहे. त्याला उपवास घडवणं हेच पाप होईल.

माझा प्रश्न दुसरा आहे. मित्र म्हणतो, "समुद्रात त्याला कुणीतरी खाल्लंच असतं. मीही सत्यव्रतासारखा वाचवतोच आहे ना?" नाही रे बाबा. तिथे मासा शरण आला होता. इथे आपण माणसं पाठवून त्याला पकडून आणतो. बाजारातले हे मोठे समुद्री पफर जवळपास सगळे समुद्रातूनच धरलेले असतात. एक विकला गेला की दुसरा धरायचा. शरण आलेल्याला आसरा देणं आणि न विचारता उचलून आणलेल्याला आसरा देणं, दोन्हीला आपण प्रेमच म्हणतो. पण दुसऱ्यात उपकार कुठे आहे? तिथे सुरुवातच कर्जापासून होते.

"पण तो माणसाला ओळखतो, काचेपाशी येऊन नाचतो!" खरं आहे, खाऊ घालणारा हात पफर चटकन ओळखतात. त्यात भूक किती आणि माया किती, कोण सांगणार? (आपणही देवापुढे असेच जातो म्हणा. तो विषय पुन्हा कधीतरी.)

आणि दुकानदाराचं ते ठरलेलं वाक्य, "मासा टँकच्या मापानेच वाढतो." साफ खोटं. खराब पाण्यात, अपुऱ्या जागेत वाढ खुंटते, तो आजार आहे. कथेत बघा, भांडं दर वेळी अपुरं पडतं आणि राजा दर वेळी भांडं बदलतो. एवढासाच राहा, असं तो माशाला एकदाही म्हणत नाही.

म्हणून मित्राला मी सांगितलं, आणू नकोस. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी मात्र हे वाचून त्याला गिरगाव चौपाटीवर सोडायला जाऊ नका. तो तिथला नाही, आणि टँकमधले रोगही सोबत जातील. मोठं भांडं शोधा. जमत नसेल तर ज्याच्याकडे मोठा टँक आणि अनुभव आहे त्याच्याकडे द्या. आणि पाहुण्यांना दाखवायला त्याला डिवचून फुगवू नका. तो घाबरतो तेव्हाच फुगतो. पाण्याबाहेर काढलात तर पोटात हवा जाते आणि ती बाहेर टाकणं त्याला जड जातं.

उद्यापासून नववा स्कंध. सत्यव्रत तिथे वैवस्वत मनू म्हणून पुन्हा भेटेल.

राम कृष्ण हरी!