पाऊस, खंड आणि कादंबरी

र. वा. दिघे यांनी पेणला वकिली केली आणि पुढे खोपोलीजवळ विहारीला शेती केली. त्यांची 'पाणकळा' १९४०च्या आगेमागे आली, तेव्हा मराठी कादंबरी बहुतेक पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात आणि कॉलेजातल्या प्रेमप्रकरणांत रमली होती. दिघ्यांनी नांगर, बैल, पेरणी आणि पाऊस कथेच्या मध्यभागी आणून ठेवले. समीक्षकांनी कौतुक केले, तसा बोलही लावला: माणसे मातीतली आहेत, पण गोष्ट अद्भुतरम्य आहे. पेण-रोह्याकडच्या वाचकाला मात्र आणखी एक शंका येते. दिघ्यांची कादंबरी वाचून मनात राहते ती शेतकऱ्याची निसर्गाशी झुंज. त्याच सुमारास पेणला लागून असलेल्या अलिबाग तालुक्यात शेतकऱ्यांची झुंज खोताशी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराशी, चालली होती. २७ ऑक्टोबर १९३३ला चरीला सभा झाली, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने पंचवीस गावांतल्या कुळांनी खोताची जमीन कसायची नाही असे ठरवले, आणि सहा वर्षे लोकांनी लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. पाऊस त्या सहा वर्षांतही पडतच होता. भात लावायचे नाही हे माणसांनी ठरवले होते.

कथेतल्या पावसाबरोबर कथेतला खंडही, म्हणजे कुळाने जमिनीपोटी द्यायचे धान्यही, मोजावा, ही साहित्याकडे पाहण्याची डावी दृष्टी. ती मार्क्सच्या पुस्तकातून थेट मराठीत उतरली असे समजणे चुकीचे ठरेल. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली, तेव्हा तिचे आमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. त्यांचा मुद्दा असा की, जे लोक आमचे माणूस म्हणून असलेले हक्क मान्य करत नाहीत, त्यांच्या ग्रंथांशी आमच्या भावनांचा मेळ बसत नाही. दोन वर्षांपूर्वीच त्यांचे 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाले होते. ग्रंथ कोणी लिहायचा आणि त्यात कोणाचे जगणे यायचे, हा प्रश्न तेव्हाच टेबलावर ठेवला गेला.

पुढे मराठीत वाद रंगला तो कलेसाठी कला की जीवनासाठी कला, असा. एका बाजूला ना. सी. फडके, दुसरीकडे वि. स. खांडेकर. वादाला धार होती, पण 'जीवन' म्हणजे नेमके कोणाचे जीवन हे त्यात बऱ्याचदा धूसरच राहिले. मामा वरेरकरांनी 'धावता धोटा'त गिरणगाव आणले. लालजी पेंडशांनी १९३५ साली 'साहित्य आणि समाजजीवन' लिहून मराठी वाङ्मयाचा इतिहास वर्गाच्या अंगाने मांडून पाहिला. पुढच्याच वर्षी लखनौला प्रगतिशील लेखकांच्या परिषदेत प्रेमचंदांनी सौंदर्याची कसोटीच बदलायला हवी असे अध्यक्षपदावरून सांगितले. आता प्रश्नाला नाव मिळाले: लेखक कोणत्या वर्गाच्या डोळ्यांनी पाहतो?

प्रश्न चांगला होता. उत्तरे मात्र लवकरच साच्यातून निघू लागली. मालक दुष्ट, मजूर सज्जन, शेवटी लाल झेंडा, असा ठोकळा बसला की ती गोष्ट वाचण्याआधीच कळते. खुद्द एंगल्सला हे मान्य नव्हते. १८८८ साली मार्गारेट हार्कनेस या कादंबरी-लेखिकेला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले की, लेखकाची मते जितकी झाकलेली राहतील तितके कलाकृतीच्या दृष्टीने बरे. आणि दाखला दिला तो बाल्झाकचा. बाल्झाक राजेशाहीचा अभिमानी, पण फ्रान्समधला पैसा आणि जमीन कशी हात बदलत गेली हे आपण त्याच्याकडून इतिहासकारांपेक्षा जास्त शिकलो, असे एंगल्स सांगतो. म्हणजे लेखक कोणत्या पक्षाचा हे विचारून डाव्या वाचकाचे काम भागत नाही. त्याने पाने उलटून आतला हिशेब पाहायचा असतो.

हा हिशेब कसा पाहायचा, ते पेणच्या खारेपाटात उभे राहिले की कळते. इथली भाताची जमीन समुद्राकडून बांध घालून मिळवलेली. उधाणाच्या भरतीला बाहेरकाठ्याला, म्हणजे बाहेरच्या बांधाला, खांड गेली की खारे पाणी आत शिरते, उभे पीक जाते आणि ती जमीन पुढची काही वर्षेही धड पिकत नाही. कथेत हा प्रसंग आला तर लेखक सहसा समुद्र खवळल्याचे वर्णन करतो, बायका रडतात, म्हातारा आभाळाकडे पाहतो. वर्णन खरे असू शकते. पण या भागात शिलोत्रीची पद्धत होती. बांध राखण्यापोटी शिलोत्रीदार कुळांकडून जादा धान्य घेत असे. मग खांड गेली तेव्हा ते धान्य कुठे होते? बांधावर चिखलाचे गोळे टाकायला रात्री कोण उतरले आणि सकाळी खळ्यावर माप कोणी धरले? हे दोन प्रश्न विचारले की निसर्गाचा कोप म्हणून वाचलेला प्रसंग माणसांच्या व्यवहारात येऊन बसतो. लेखकाने त्याची उत्तरे दिलीच पाहिजेत असे नाही. पण चांगल्या कथेत ती कुठेतरी सांडलेली असतात, आणि कच्च्या कथेत तिथे नुसते विशेषण असते.

तरीही वर्गाच्या चष्म्याला एक मोठा डाग होता, आणि तो कोकणाच्या भूमीतच आधी दिसायला हवा होता. खोत आणि कूळ हे नाते जमिनीचे होते तसेच जातीचेही होते. बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली चरीच्या संपकऱ्यांना भेटले, १७ सप्टेंबर १९३७ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. जात आणि जमीन त्यांनी एका वाक्यात आणली. डाव्या समीक्षेला मात्र तो धडा गिरवायला वेळ लागला. १९५८ साली मुंबईच्या दलित साहित्य संमेलनात अण्णा भाऊ साठे यांनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, अशा अर्थाची मांडणी केली, ती दोन्ही धागे एकत्र विणणारी होती. पाठोपाठ नारायण सुर्वे, बाबुराव बागूल आले. शरद पाटलांनी १९८८ साली अब्राह्मणी सौंदर्यशास्त्राची मांडणी करून वर्ग आणि जात एकत्र धरून साहित्य कसे तोलायचे, याचीच चर्चा उभी केली. इथे प्रश्न पुन्हा पालटला. कोणाविषयी लिहिले, यापेक्षा कोण लिहितो, हे महत्त्वाचे ठरले.

पण यातही अडचण आहेच. पेण-रोह्याच्या डोंगरपट्टीतला कातकरी स्वतः कादंबरी लिहीपर्यंत त्याच्याविषयी कोणी बोलायचेच नाही का? गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्याचे एक उत्तर. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांचा लढा गोदावरीबाईंनी त्यांच्याबरोबर राहून, चालून लिहिला. लेखिका वारली नव्हती, पण ती गाडीत बसून आलेली पाहुणीही नव्हती. त्या पुस्तकात वारली 'बिच्चारा' म्हणून कुठे येत नाही. तो वेठ नाकारतो, मजुरीचा दर ठरवतो, चुकतो, पुन्हा उभा राहतो. सहानुभूतीचे साहित्य आणि सोबतीचे साहित्य यांतला फरक इथे हाताला लागतो.

कुळकायदा झाला, खोती गेली, १ एप्रिल १९५७ला कसणारा कागदोपत्री मालक झाला. त्यामुळे हे सगळे आता इतिहासजमा, असे वाटू शकते. पण याच पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ला विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही यावर लोकांचे मत घेतले गेले. एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासारख्यांनी शेतकऱ्यांबरोबर हा लढा दिला आणि तो प्रकल्प इथे झाला नाही. जमीन मात्र नंतरही विकली जात राहिली, आता तुकड्यातुकड्याने. रोह्याकडे धाटावची रासायनिक कारखानदारी आहे, कुंडलिकेच्या काठाने प्लॉटच्या पाट्या आहेत आणि डोंगरउतारावर फार्महाऊस आहेत.

आजच्या कोकणकथेत हे फार्महाऊस वारंवार येते. शहरातले जोडपे पावसाळ्यात गावी येते, त्यांच्यात काहीतरी तुटलेले असते, हिरवा डोंगर पाहून ते जुळते किंवा पुरते तुटते. कथा नाजूक असते, कधी चांगलीही असते. तिच्यात एक माणूस गेट उघडतो, चहा आणतो, जनरेटर सुरू करतो. त्याला बहुधा नावही नसते. तो कातकरी वाडीतला असेल, दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबातला असेल, किंवा याच जमिनीच्या जुन्या मालकाचा मुलगा असेल. त्याच्यावर कथा लिहायलाच हवी असा हट्ट नाही. पण त्याच्याकडे लेखकाने एकदाही मान वळवून पाहिले नसेल, तर त्या जोडप्याचे दुःखही अर्धेच समजले आहे असे मी म्हणेन. कारण त्यांची शांतता कोणाच्या मजुरीवर उभी आहे हे त्या दुःखातच दडलेले असते.

म्हणून डावे वाचन म्हणजे पुस्तकांची झडती नव्हे, आणि लेखकाच्या हातात जाहीरनामा देणेही नव्हे. दिघ्यांचा पाऊस मला आजही आवडतो. तो आवडतो म्हणूनच त्या पावसावर पिकलेल्या भाताचे पुढे काय झाले, हे विचारावेसे वाटते. पेणच्या आणि रोह्याच्या वाचनालयांना एवढेच सुचवायचे आहे: एखाद्या पावसाळ्यात 'पाणकळा' आणि 'जेव्हा माणूस जागा होतो' ही दोन पुस्तके लागोपाठ चर्चेला ठेवा, आणि त्या चर्चेला वाडीवरच्या, खारेपाटातल्या तरुणांना श्रोते म्हणून न बोलावता बोलायला बोलवा.