नको म्हणजे किती नको?

आमच्या साताऱ्याच्या घरी गौरीजेवणाला वीस-पंचवीस पानं असायची. सोळा भाज्या, पुरणपोळी, कटाची आमटी. नैवेद्य दाखवून पहिली पंगत बसेपर्यंत अडीच वाजायचे. कॉलेजात असल्यापासून पोळ्या वाढायचं काम माझ्याकडे होतं आणि आग्रहात माझा हात कुणी धरत नसे. पाहुण्याने पानावर आडवा हात धरला, की बाजूने पोळी सरकवायची आणि लगेच तिच्यावर तुपाची धार सोडायची. मग ती परत कोण घेणार? पंगत हसायची. आई स्वयंपाकघराच्या दारातून कौतुकाने बघायची.

बारा वर्षांपूर्वी असंच वाढताना धाकट्या काकांनी तीनदा नको म्हटलं. मी चौथ्यांदा वाढलीच. त्यांनी मान खाली घालून ती खाल्ली. पुढच्या वर्षापासून ते गौरीजेवणाला यायचे बंद झाले. संध्याकाळी काकू हळदीकुंकवाला यायच्या तेव्हा सोबत येत, दर्शन घेत आणि जात. जमिनीच्या वाटणीचं मनात ठेवलंय, असं घरात ठरलं. आम्ही सगळे तेच धरून चाललो.

तीन वर्षांपूर्वी माझी एचबीए१सी तपासणी आठच्या वर निघाली. मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर तिच्यात कळते. साडेसहा आणि त्यापुढे मधुमेह धरतात. ‘काल जरा श्रीखंड झालं होतं’ ही सबब तिच्यापुढे चालत नाही. काका भेटायला आले. रिपोर्ट बघून म्हणाले, “आता तुला कळेल मी जेवायला का येत नाही ते.”

त्या गौरींच्या आधी पंधराच दिवस त्यांना मधुमेह निघाला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी गोळी घेतलेली आणि नैवेद्यासाठी अडीचपर्यंत पोटात काही नाही. पानावर बसले तेव्हा त्यांना घाम फुटला होता, हात थरथरत होते. आणि मग माझ्या चार पोळ्या. “भरल्या पंगतीत ओरडून सांगायला हवं होतं का रे, मला साखर आहे म्हणून?”

त्या एका जेवणाने त्यांच्या तब्येतीचं कायमचं काही बिघडलं असं मी म्हणणार नाही. बिघडलं ते वेगळंच. आपलं खरं बोलणं इथे कुणी ऐकत नाही, म्हणून एका माणसाने स्वतःच्या घरचा सण सोडला होता.

सणासुदीला बेताने खावं, हा उपदेश आपण नेहमी खाणाऱ्याला करतो. आधी कोशिंबीर खा, लहान ताटली घ्या, जेवणानंतर शतपावली घाला. सल्ले चुकीचे नाहीत. पण ताट खाणाऱ्याच्या ताब्यात असतं, असं त्यांत गृहीत धरलेलं असतं. पंगतीत तसं नसतं. वाढणाऱ्याचं मन मोडू नये हा एक नियम, पानात टाकू नये हा दुसरा. दोन्ही एकेकटे चांगले. एकत्र आले की मधल्या माणसाला सुटका नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात म्हटलं आहे, की अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. काकांनी आमच्या मनाखातर एकाच दिवसात दोन्ही केलं होतं.

मग आग्रह वाईटच का? आईला मी तसं म्हणून पाहिलं. ती 1972 च्या दुष्काळात या घरात लग्न होऊन आली. मिलोच्या लाल भाकऱ्या तिने थापल्या आहेत. ती म्हणाली, “तेव्हा पाहुणा नको म्हणायचा, तो काय पोट भरलं म्हणून? यांच्याकडे पुरेल की नाही, ही त्याला काळजी. आपण आग्रह केला की त्याला कळायचं, पुरतंय.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते ‘नको’ म्हणजे एक प्रश्न होता आणि आग्रह हे त्याचं उत्तर. त्यात माया होती, अब्रू होती. आज आमच्या फ्रीजमध्ये मिठाईचे खोके ठेवायला जागा नसते. पुरेल का, असं कुणी विचारत नाही. आम्ही मात्र अजून पूर्वीचंच उत्तर देत बसलो आहोत.

दोष एकट्या वाढणाऱ्याचा नाही. मलाही कितीदा पोळी हवी असायची आणि तोंडाने मी नको म्हणायचो. समोरच्याने वाढावी, म्हणजे हावरेपणाचा दोष त्याच्याकडे आणि पोळी माझ्याकडे. अशी खोटी ‘नको’ इतकी चलनात आली, की काकांचं खरं ‘नको’ मला त्यातलंच एक वाटलं. त्यामुळे बेताने खाणं मला आता जिभेवरच्या ताब्याइतकंच खरं बोलण्याचं काम वाटतं. हवं असेल तर ‘वाढ’ म्हणावं. म्हणजे नको म्हटल्यावर लोक विश्वास ठेवतील.

गेल्या वर्षी आम्ही नैवेद्य साडेबारालाच दाखवला. मी स्वतः जाऊन काकांना बोलावून आणलं होतं. पोळ्यांचं ताट घेऊन त्यांच्यासमोर गेलो.

“अर्धी,” ते म्हणाले. मी अर्धी वाढली.

“अजून?” एकदाच विचारलं.

“बास.”

मी पुढच्या पानाकडे सरकलो. हात अवघडल्यासारखा झाला होता. आपण कद्रूपणा तर केला नाही ना, असं वाटून मागे वळून पाहिलं. काका वाटी पुढे करून आईला म्हणत होते, “वहिनी, आमटी वाढा. हवीय मला.”